गुणफलकाबाहेरची माणसं

तेंडाई म्टावारिरा हा दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा प्रॉप, म्हणजे स्क्रममध्ये पहिल्या रांगेत खांदा लावून समोरच्या संघाचा सगळा रेटा अंगावर घेणारा खेळाडू. २००८ ते २०१९ या काळात तो ११७ कसोटी सामने खेळला आणि त्यांत त्याने अवघे दोन ट्राय केले. नुसते आकडे पाहणाऱ्याला ही कारकीर्द किरकोळ वाटेल. पण २०१९च्या विश्वचषकाचा योकोहामातला अंतिम सामना पाहावा. इंग्लंडचा काइल सिंक्लर सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या डॅन कोलला म्टावारिराने स्क्रममध्ये मागे रेटलं, इंग्लंडवर पेनल्टी लागत गेल्या आणि हँड्रे पोलार्ड त्यांचे गुण करत गेला. दक्षिण आफ्रिका ३२-१२ने जिंकली. पोलार्डचे गुण २२, म्टावारिराचा एकही नाही. गुण ज्याच्या नावावर, कर्तृत्व त्याचंच, हा समज मला चुकीचा वाटतो. खुद्द खेळाचे नियमही तो मानत नाहीत.

प्रॉपला वजन असलं की पुरे, असं कुणी म्हणेल. तसं असतं तर त्या जागी कोणताही धिप्पाड गडी उभा करता आला असता. रग्बीचा नियम त्याला मनाई करतो: पहिल्या रांगेचं शिक्षण घेतलेला बदली खेळाडू उरला नाही, तर स्क्रम जोर न लावता घ्यावी लागते. कारण पाठीचा कोन चुकला तर मानेवर बेततं. २०१३ साली स्क्रमची पद्धत बदलली ती याच काळजीपोटी. भिडण्याआधीच प्रॉपनी एकमेकांना धरायचं, म्हणजे धडकेचा जोर कमी होतो.

आपल्याकडच्या मुलांना रग्बी लांबची वाटेल, कबड्डी मात्र घरची आहे, आणि तिथेही हिशेब हाच. चढाईपटू एका चढाईत तीन-चार गडी टिपू शकतो. पकडीला बहुधा एकच गुण. गिरीश इर्नाकसारखा डावा कोपरारक्षक पाय टाकायला जागाच ठेवत नाही, तेव्हा चढाई रिकामी जाते आणि त्याच्या नावापुढे काहीच लागत नाही. तरी प्रो कबड्डीच्या नियमात सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. बचावाने साठवलेल्या दडपणाची ही उघड कबुली आहे.

लोक चढाई पाहायला येतात, तेव्हा कौतुकही तिचंच होणार, हा आक्षेप खरा आहे. प्रेक्षकांनी हवं त्याला डोक्यावर घ्यावं. निवड समितीचं काम वेगळं आहे. तिनेही गुणच मोजले, तर कोपऱ्यावर उभं राहायला उद्या कुणी धजणार नाही. तालुक्याच्या स्पर्धेत हे सुधारायला पैसा लागत नाही. गुणलेखकाच्या कागदावर एक रकाना वाढवावा: रिकामी चढाई कुणी रोखली. संघ निवडताना तो रकाना आधी वाचावा.