पैठणची सुट्टी

मे महिन्यात मी पैठणला पाच दिवस राहिलो. तिथे माझा मित्र बाळू राहतो. तो पहिलीपासून माझ्याच बाकावर बसायचा. तिसरीत असताना दिवाळीनंतर त्याच्या वडिलांना पैठणला कारखान्यात काम मिळाले आणि ते सगळे तिकडे गेले.

मला आबांनी नेले. शेवगावहून आम्ही पैठणची एस.टी. धरली. मला अर्धे तिकीट आणि आबांना तिकीटच नाही, कारण त्यांना ७६ वर्षे झाली आहेत. गाडीत लई गरम होत होते. पुलावर गाडी आली तेव्हा आबांनी गोदावरीला हात जोडले. मला म्हणाले, "पाया पड, गंगा आहे." तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी पाया पडलो, पण माझे लक्ष पिशवीकडे होते. पिशवीत टॉवेलात गुंडाळून एक वस्तू ठेवली होती. ती आबांना माहीत नव्हती.

बाळू स्टँडवर आला होता. तो माझ्यापेक्षा उंच झाला आहे. काकूंनी गूळ-पाणी दिले, मग आमरस आणि पोळी. आबा संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

पैठणला ऊन फार. दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. म्हणून आम्ही पहाटेच नदीवर जायचो. धरणाच्या खाली नदीला उन्हाळ्यात पाणी थोडे असते. गुडघ्याएवढ्या पाण्यात आम्ही बसायचो. ताई काठावर धुणे धुवायची आणि ओरडायची, "पुढं जाऊ नका रे, डोह आहे!" नऊ वाजले की वाळू तापते. एकदा चपला पलीकडे राहिल्या आणि आम्ही अनवाणी पळालो. पाय भाजले. तेव्हा ताईने एकनाथ महाराजांची गोष्ट सांगितली. अशाच तापलेल्या वाळूत एक लहान लेकरू रडत होते. कोणी त्याला शिवत नव्हते. नाथांनी त्याला कडेवर उचलून त्याच्या घरी पोचवले. नाथांची समाधी नदीजवळच आहे. १५९९ साली त्यांनी समाधी घेतली. गावात त्यांचा वाडा आहे, तिथे मोठा रांजण आहे. देव श्रीखंड्याच्या रूपाने कावडीने पाणी आणून तो रांजण भरायचा असे सांगतात.

एका संध्याकाळी काकांनी आम्हाला जायकवाडीचे धरण दाखवले. ते सुमारे १० किलोमीटर लांब आहे. त्याला २७ दरवाजे आहेत. आम्ही लांबून मोजले तर बाळूचे २६ आले आणि माझे २८. काका हसले. हे धरण १९७६ साली पुरे झाले. मागे पाणीच पाणी, त्याला नाथसागर म्हणतात. त्या पाण्याखाली कितीतरी गावे गेली आहेत. आबांच्या मामाचे गाव पण गेले. आबा सांगतात की घराची चौकट तेवढी काढून आणली होती.

काकू आता पैठणी विणायला शिकतात. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर मागावर गेलो. पदरावर मोर होता. एकेका रंगाच्या रेशमाची वेगळी कांडी असते. ती हाताने घालावी लागते. दिवसभरात पदर बोटभरच होतो. काकूंनी आम्हाला उलटी बाजू दाखवली. मला वाटले, तिकडे गाठी आणि दोरे लोंबत असतील. पण मोर तिकडूनही तसाच होता. काकू म्हणाल्या, "खऱ्या पैठणीला उलटी बाजू नसते." मला एकदम माझी पिशवी आठवली. मी पाणी पिण्याचे निमित्त करून बाहेर गेलो.

आता खरे सांगतो. बाळूचा एक भोवरा होता. त्याच्या आजोबांनी बाभळीच्या लाकडाचा केला होता. तो फार वेळ फिरायचा. बाळू गाव सोडणार त्याच्या आदल्या दिवशी भोवरा शाळेत हरवला. बाळू लई रडला. आपल्या वर्गातल्या एका मुलावर सगळ्यांनी आळ घेतला, कारण मधल्या सुट्टीत तो एकटाच वर्गात होता. पण मी पाणी प्यायला आलो तेव्हा तो नळावर गेला होता. भोवरा मी घेतला होता. तो माझ्या दप्तरात होता आणि मीसुद्धा "त्यानेच घेतला" असे म्हणालो. बाळू त्याच्याशी न बोलताच निघून गेला. घरी मी तो भोवरा माळ्यावर लपवला. एकदाही फिरवला नाही. फिरवला असता तर आईने विचारले असते.

त्या रात्री आम्ही गच्चीवर झोपलो होतो. वारा सुटला होता. बाळू चांदण्या मोजत होता. मी उठून भोवरा आणला आणि त्याच्या हातात दिला. अंधारात त्याने आर चाचपून पाहिली. मग म्हणाला, "कामून घेतला?" मी म्हणालो, "तू चालला होतास म्हणून." मला दुसरे काही सुचले नाही. तो कूस बदलून झोपला. मला बराच वेळ झोप आली नाही.

सकाळी तो नदीवर माझ्याशी बोलला नाही. घरी आल्यावर त्याने भोवऱ्याला जाळी गुंडाळली आणि अंगणात फेकला. भोवरा पूर्वीसारखाच फिरला. मग तो म्हणाला, "मला सांगितलंस ते ठीक. पण त्याला कोण सांगणार?" निघताना त्याने भोवरा परत माझ्या पिशवीत टाकला. म्हणाला, "हा त्याला दे. माझ्याकडून."

शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी मी त्या मुलाला वडाखाली भोवरा दिला आणि सगळे सांगितले. त्याने भोवरा घेतला नाही. तो म्हणाला, "आळ सगळ्यांसमोर आला होता. तूही सगळ्यांसमोर सांग." गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी 'माझी सुट्टी' लिहायला सांगितले, म्हणून मी हे लिहिले.

आज पालकसभा आहे. आई पण येणार आहे आणि ती हे वाचेल. आई, रागावलीस तरी चालेल, पण घरी गेल्यावर रागव. भोवरा माझ्या दप्तरात आहे. मधल्या सुट्टीत मी वडाखाली उभा राहणार आहे.

— इयत्ता चौथी