मुखवट्यांच्या शेजारी निजणे

हॉटेलात शिरल्यावर मराठी माणूस दोन प्रश्न विचारतो. गरम पाणी किती वाजेपर्यंत? आणि चहा भाड्यात धरलाय की निराळा? २०१८ साली नैरोबीजवळच्या 'आफ्रिकन हेरिटेज हाउस'मध्ये आमच्या सौभाग्यवतीने तिसराच प्रश्न काढला : "ह्यांची तोंडं रात्रीपुरती भिंतीकडे करता येतील का?"

'ह्यांची' म्हणजे माझी नव्हे, मुखवट्यांची. जिकडे पाहावं तिकडे मुखवटे. कुणी डोळे मिटलेला, कुणी वटारलेला. एक तर हुबेहूब आमचे जुने हेडक्लार्क, रजेचा अर्ज वाचतानाचे!

तसं ते रूढ अर्थानं हॉटेल नव्हेच. ॲलन डोनोव्हन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी बांधलेलं स्वतःचं घर. आधी कळवून गेलं की राहायला-जेवायला मिळायचं. घाट मालीतल्या मातीच्या मशिदींचा, आणि समोर नैरोबीचं अभयारण्य. आमच्या गच्चीवरून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. इथे चहाच्या वेळी जिराफ.

पण मला कौतुक वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. ह्या सामानातलं बरंचसं मुळात शोभेचं नाहीच. मुखवटे नाचायचे. भोपळ्याची भांडी दुधाची. तुर्काना गुराख्याचं वीतभर लाकडी ठोकळ्यासारखं काही असतं, ते दिवसा बसायला आणि रात्री डोक्याखाली. "पाट आणि उशी एकात," सौ. म्हणाली, "माळ्यावर केवढी जागा वाचेल!" आपण मात्र तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून स्टील आणलं, आणि आता तोच तांब्या दिवाणखान्यात ठेवण्यासाठी दुकानातून चौपट भावाने आणतो. असो.

डोनोव्हनसाहेबांना ह्या कामात जोडीदार मिळाले ते जोसेफ मुरुंबी. हे १९६६ साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. काही महिन्यांतच त्यांनी पद सोडलं आणि उरलेला जीव जुन्या वस्तू-पुस्तकांत घातला. (आपल्याकडे पद सोडणारा माणूसच आधी वस्तुसंग्रहालयात ठेवावा लागेल.) १९७२ साली दोघांनी नैरोबीत 'आफ्रिकन हेरिटेज' हे कलादालन काढलं. मुरुंबींनी मुथैगातलं आपलं घर सरकारला दिलं, तिथे आफ्रिकी विद्येची संस्था व्हावी म्हणून. संस्था झाली नाही. घर पाडलं गेलं. आमच्या आळीतल्या वाड्यांची आठवण झाली. तिथे निदान कुणी संस्थेचं नाव तरी घेतलं नव्हतं.

डोनोव्हन यांचं घरही नव्या रेल्वेच्या आखणीत जायचं होतं. २०१६ साली ते राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं आणि वाचलं. डोनोव्हन २०२१ मध्ये गेले; मुरुंबी त्याआधीच, १९९० साली.

हे सगळं त्या मुक्कामात मी सौ.ला जेवणाच्या टेबलावर सांगत होतो, अर्थात तेव्हापर्यंत घडलेलं तेवढंच. तिचं लक्ष ताटात. शेवटी म्हटलं, "अगं, ह्या मुरुंबींची आई मसाई आणि वडील गोव्याचे. झुझार्त आडनावाचे. ह्यांनी नाव मात्र आईकडचं लावलं."

तेव्हा कुठे तिने मान वर केली.

"गोव्याचे? तरीच काही टाकवत नव्हतं."

आणि घरून आणलेली, नुकतीच रिकामी झालेली लोणच्याची बाटली धुऊन आणायला उठली.