विमान पाहावे बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक सांगून गेले. दोन्ही कामांत माणसाची अक्कल, पैसा आणि स्वभाव यांची एकदमच परीक्षा होते, हा त्यांचा अनुभव. त्यांच्या काळी विमान घरी बांधायची सोय नव्हती. नाहीतर या म्हणीला तिसरा चरण खात्रीने जोडला गेला असता. मी तो माझ्यापुरता जोडून घेतला आहे, आणि त्याला कारण माझा चिखलीचा पुतण्या.

त्याचे लोखंडकामाचे दुकान आहे. वखर, तिफण, ट्रॅक्टरची ट्रॉली, काय वाटेल ते तो करून देतो. वेल्डिंगमध्ये तर त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याने जाहीर केले की, आपण एक हलके विमान बांधणार आणि स्वतः उडवणार. घरात जे व्हायचे ते सगळे झाले. रुसवेफुगवे झाले, नवससुद्धा बोलून झाला. शेवटी वहिनींचा मला निरोप आला, "भाऊजी, तो काही ऐकायचा नाही. निदान कोणतं बांधायचं, ते तरी तुम्ही बघा!" मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, एवढीच माझी पात्रता.

तशी ही हौस नवी नव्हे. सांतोस-द्युमाँ नावाच्या ब्राझीलच्या हौशी माणसाने १९०७ ते १९०९ च्या सुमारास पॅरिसमध्ये बांबू आणि रेशमी कापड वापरून एक चिमुकले विमान केले, आणि ज्याला हवे त्याने बांधावे म्हणून आराखडे फुकट देऊन टाकले. अमेरिकेत तर १९८२ पासून असा नियम आहे की, विमान एका माणसाचे, रिकामे असताना ११५ किलोच्या आतले आणि फार वेगाने न जाणारे असेल, तर उडवणाऱ्याला परवानाही लागत नाही. आपल्याकडे मात्र विमान कितीही हलके असो, त्याची नोंदणी हवी, उड्डाणाची परवानगी हवी आणि चालवणाऱ्याकडे परवाना हवा.

पुतण्याकडे स्थळे सांगून आली होती तीही अनेक. एक होते लाकूड-प्लायवूडचे 'मिनी-मॅक्स'. दिसायला गोजिरवाणे, पण आमच्याकडे वैशाखात जमीन भेगाळते आणि आषाढात कपाटांची दारे फुगतात. अशा हवेत लाकडाचे आणि सरसाचे जमते का, याची धास्ती वाटली. दुसरे 'झेनिथ ७०१', ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, रिव्हेट मारून जोडायचे. जेमतेम ताशी ५० किलोमीटरच्या वेगालाही हवेत तरंगते. तिसरे 'एक्स-एअर', बंगलोरच्या 'राज हंस' कारखान्याचे. ॲल्युमिनियमच्या नळ्या बोल्टांनी जोडायच्या आणि वर डेक्रॉनचे कापड चढवायचे. त्याचे सुटे भाग पेट्यांत भरून थेट फ्रान्स-इंग्लंडपर्यंत गेले आणि तिकडच्या लोकांनी ते आपापल्या गॅरेजांत जोडले. हे ऐकून वहिनींनाही जरा बरे वाटले.

पण पुतण्याच्या मनात चौथेच होते. आपणच आराखडा काढायचा, लोखंडी पाइप वेल्ड करायचे आणि जुन्या मोटारीचे इंजिन बसवायचे. "काका, तयार भाग जोडण्यात कसली कारागिरी?" असा त्याचा सवाल होता.

तेव्हा मला २०२१ चा ऑगस्ट आठवला. आमच्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला एका तरुण पत्रेकारागिराने एकट्याने हेलिकॉप्टर बांधले होते. चाचणीच्या वेळी पंख्याचे पाते तुटले आणि त्यात तो बळी पडला. त्याच्या हातात कसब होते, छातीत जिद्द होती. त्याचे नाव निघाले की अजून माझा जीव गलबलतो. उलट कांदिवलीला घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव! ते पेशाने वैमानिक. त्यांचे विमान २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, आणि उड्डाणाच्या परवानगीला २०१९ उजाडले. सरकारदरबारच्या या खेटरफेऱ्यांबद्दल आपण हळहळतो, आणि ते योग्यच आहे. पण एक मनात येते. एकट्याने केलेल्या वस्तूतली चूक करणाऱ्याला दिसत नाही. ती पाहायला दुसऱ्याचे डोळे लागतात.

मग मी पुतण्याला म्हटले, "तुझ्या वेल्डिंगला मी नावे ठेवत नाही. पण वेल्डच्या पोटात राहिलेला पोकळपणा वरून तुलाही दिसणार नाही आणि मलाही नाही. ट्रॉलीचा सांधा सुटला तर कडबा सांडेल. बोल्ट ढिला झाला तर तो रोज सकाळी हाताला तरी कळतो. आणि किट म्हणजे नुसते सुटे भाग नव्हेत. तुझ्याआधी शेकडो लोकांनी ते जोडले, उडवले, कुठे काय तुटते ते कळवले. ते सगळे शहाणपण त्या पेटीत असते." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पान्हा पुसत म्हणाला, "बरं, नळ्या-कापडाचंच बघू."

बाकीचे आमच्या मातीने आणि हवेने ठरवले. घाटावरचा आमचा भाग समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटर उंच. त्यात मे महिन्याचा कडाका असला, की हवा समुद्रकाठच्या गार हवेपेक्षा सुमारे पंधरा टक्के विरळ होते. पंखांना आधार कमी, इंजिनाला दम कमी, आणि धाव मात्र लांब. दुपारी वावटळी, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतणारी चाके. तेव्हा इंजिन जरा दमदार हवे, चाके रुंद हवीत, आणि उडायचे ते दिवाळीनंतरच्या गार, निवांत सकाळी. उतरण्याचा वेग जितका कमी तितके बरे. वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल! आणि जागा दोन हव्यात, कारण आधी शिकवणारा शेजारी बसला पाहिजे.

अजून पैसे भरलेले नाहीत. पुतण्या आधी विमान चालवायला शिकणार आहे, आणि बांधणीच्या प्रत्येक टप्प्यावर परक्या जाणकाराची सही घेणार आहे. त्यासाठी एक जाडजूड वही दुकानात आणून ठेवली आहे. नवस अजून फिटलेला नाही. मात्र त्या दुसऱ्या जागेला वजनाची मर्यादा किती, असे वहिनी मला आतापर्यंत दोनदा विचारून गेल्या आहेत.