प्रवासापुरते इंग्रजी

यंदाच्या वर्षावासात रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन आटोपले, की अर्धा तास इंग्रजी शिकायचे, असे आमच्या विहारातल्या महिला मंडळाने ठरवले. थंडीत पंचवीस-तीस जणांनी बुद्धगयेला जायचे आहे. शिकवण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. बायकांचे म्हणणे सरळ होते : "भाऊ, तुमी हापिसात इंग्रजीच लिवता ना? मग आमाला परवासापुरतं तरी शिकवा."

आता खरे सांगायचे तर आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आमचे इंग्रजी म्हणजे 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' पासून 'युवर्स फेथफुली' पर्यंत. त्याच्या अलीकडे-पलीकडे आम्हालाही धाप लागते. तेव्हा आम्ही दादरच्या फुटपाथवरून एक जुने पुस्तक आणले. तीस दिवसांत इंग्रजी बोला, अशा धर्तीचे. त्यात प्रवास, वाहने व सुट्ट्या असा एक धडाच होता. पहिल्या रविवारी आम्ही मोठ्या उत्साहाने फळ्यावर त्यातले पहिले वाक्य मराठीत लिहिले. हमाला, माझे सामान पहिल्या वर्गाच्या डब्यात ठेव.

मागे बसलेल्या एक आजी हसायला लागल्या. म्हणाल्या, "आमच्या मालकांनी ठेसनावर जलमभर हेच तर ऐकलं. ते बोलायला शिकायचं व्हय आता?"

सगळे विहार हसले. आम्हीही हसलो, पण घाम फुटला. पुढची वाक्ये वाचून पाहिली. समुद्राच्या बाजूची खोली रिकामी आहे काय? आम्ही दर वर्षी सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जातो. ही वाक्ये कोणाच्या तोंडी घालायची? आमच्या वर्गात धुणीभांडी करणाऱ्या, पालिकेत झाडू मारणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बाया. दोन-चार कंपनीतून निवृत्त झालेले काका. आणि कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली अकरावीतली एक मुलगी.

तरी 'हॉलिडे' हा शब्द आम्ही सोडला नाही. मूळ इंग्रजीत 'होली डे', म्हणजे पवित्र दिवस, असे आम्ही सांगितले. एका ताईंनी विचारले, "भाऊ, हॉलिडे पगारी का बिनपगारी?"

ह्या प्रश्नाला त्या फुटपाथच्या पुस्तकात उत्तर नव्हते. घरकाम करणारीच्या भाषेत सुट्टी नसते, खाडा असतो. चौदा एप्रिलला खाडा, बुद्धपौर्णिमेला खाडा, पोर तापाने फणफणले तरी खाडा. महिनाअखेरीस मालकीणबाई कॅलेंडरवरचे गोल मोजतात आणि पैसे कापतात. बुद्धगयेची यात्रा म्हणजे ह्या ताईंच्या हिशेबी दहा खाडे आणि परत आल्यावर ते काम हातात असेल की नाही, हा घोर वेगळाच. तेव्हा आम्ही पुस्तक मिटले आणि फळ्यावर 'हॉलिडेज विथ पे' असे लिहिले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तासांचे काम ४८ तासांवर आले. आमच्या निवृत्त काकांनी मान डोलावली, कारण त्यांनी ती रजा जन्मभर भोगली होती. पण भांडी घासणारी बाई त्या कायद्यात कुठेच बसत नव्हती. ताई म्हणाल्या, "म्हंजे शब्द चांगला हाय, पण आमचा नाय." आम्ही काही बोललो नाही. मात्र तो शब्द पुसू नका, असे त्यांनीच सांगितले, म्हणून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तो अजून आहे.

दुसऱ्या रविवारपासून आम्ही पुस्तक बदलले. जुनी तिकिटे गोळा केली. कोणाचे नागपूरचे, दीक्षाभूमीला गेले तेव्हाचे. कोणाचे सोलापूरचे, कोणाचे मुलाच्या परीक्षेसाठी दिल्लीला गेले त्याचे. पुठ्ठ्यावर चिकटवली. मोबाईलवर येणाऱ्या तिकिटाचा मजकूर त्या अकरावीतल्या मुलीने मोठ्या अक्षरात कागदावर उतरवला. प्रवाशाला लागणारे इंग्रजी सगळे त्या चतकोर कागदावर असते आणि ते फार थोडे असते. पंधरा-वीस शब्द. पण प्रत्येक शब्द तुम्ही रात्री कुठे असाल ते ठरवतो.

'व्हाया' घ्या. मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या दोन मेल आहेत. नाव एकच, सुटतात दोन्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून. एक नागपूरमार्गे जाते, दुसरी प्रयागराज आणि गयेवरून. बुद्धगयेला जाणारा माणूस नुसते 'हावडा मेल' म्हणून नागपूरच्या गाडीत बसला, तर त्याला गया काही दिसायची नाही. दोन्हींत फरक करणारा शब्द तो तेवढाच, व्हाया. तिथेच एक काका म्हणाले, "आम्ही तर सारनाथला जायला मुगलसराय विचारत बसू." तेही सांगावे लागले, की मुगलसरायचे नाव २०१८ साली बदलले, आता पाटीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन असते. जुने नाव धरून खिडकीतून बघत राहिलात तर स्टेशन निघून जाईल.

'बोर्डिंग' या शब्दावर तर वादच झाला. आपल्या समाजात बोर्डिंग म्हणजे मुलांचे वसतिगृह. कितीतरी माणसे अशा बोर्डिंगात राहून शिकली. एक काका ठामपणे म्हणाले, बोर्डिंग म्हणजे राहणे-जेवणे. बरोबरच आहे ते. पण तिकिटावरचे बोर्डिंग म्हणजे गाडीत चढण्याचे स्टेशन. तिकीट मुंबईपासून काढले आणि बोर्डिंग न बदलता कल्याणला चढलो, तर मधल्या वेळात तुमची जागा रिकामी धरून दुसऱ्याला दिली जाऊ शकते. आपली बहुतेक माणसे कल्याणलाच चढणार. म्हणून हा शब्द आम्ही तीन रविवार घोटला. आर.ए.सी. म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून जायचे, झोपायला मिळेलच असे नाही. आणि 'कन्सेशन' हा शब्द तर आता शिकवून दुःखच. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. आजींनी विचारले, "मंग तो शब्द पुसून टाका." तो पुसला.

एवढा हट्ट आम्ही का धरला, ते आता सांगायला हवे. आमच्या पत्नीशिवाय हे कोणाजवळ पूर्वी बोललो नव्हतो.

२०११ साली आम्ही वस्तीतली चौदा माणसे घेऊन बुद्धगयेला निघालो होतो. आमची आई आणि शेजारच्या एक मावशी ऐनवेळी तयार झाल्या, त्यामुळे त्यांची तिकिटे वेगळ्या डब्यात. रात्री कल्याणला गाडी आली, ही गर्दी. आम्ही दोघींना त्यांच्या डब्यात चढवले, तिकीट आईच्या हातात दिले, "नंबर बघून बसा" म्हणालो आणि आमच्या डब्याकडे पळालो. सकाळी भुसावळ मागे पडल्यावर आम्ही चहा घेऊन गेलो, तर आई दाराजवळ, संडासाच्या भिंतीला टेकून, लुगडे गुडघ्याखाली दाबून जमिनीवर बसलेली. रात्रभर तशीच.

तिचा नंबर ३१ होता. पुढे एस.एल. असे लिहिलेले, म्हणजे साइड लोअर, बाजूचा खालचा बर्थ. तिथे एक गृहस्थ आधीच आडवे झाले होते. आईने तिकीट पुढे केले. त्यांनी ते चष्मा लावून वाचले आणि म्हणाले, "माताजी, एसएल मतलब स्लीपर. ये तो सबके टिकट पे रहता है."

त्यांचे वाक्य अर्धे खरे होते, हीच त्यातली मेख. तिकिटावर एस.एल. दोन ठिकाणी येते. वर्गाच्या जागी आले तर स्लीपर, बर्थच्या जागी आले तर साइड लोअर. आईने तिकीट परत घेतले आणि बाजूला झाली. तपासनीस येऊन गेला, त्यालाही तिने तिकीट दाखवले, विचारले मात्र काही नाही. आम्ही त्या माणसाला उठवायला निघालो, तर तिने आमचा हात धरला. म्हणाली, "राहू दे. चांगला शिकलेला दिसत होता. मला वाटलं, आपलंच काही चुकलं असंल."

तो माणूस तोवर उठून दात घासायला गेला होता. आम्ही आईला बर्थवर बसवले. तिने बोधिवृक्षाखाली वंदना घेतली, खूप समाधानी दिसली, परत आल्यावर सगळ्यांना पिंपळाची पाने वाटली. २०१६ साली ती गेली. घरी आम्ही भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र लावले आहे, त्याच्या शेजारीच तिचा फोटो आहे. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा तिने आळीभर पेढे वाटले होते. आणि त्या रात्री तिला दोन अक्षरे समजावून सांगायला आम्हाला दोन मिनिटे सापडली नाहीत.

शब्द आले की अपमान टळतो, असे मात्र आम्ही वर्गात कधी सांगत नाही. तो खोटेपणा होईल. त्या अकरावीतल्या मुलीने एकदा विचारले, लुंबिनीला जायला व्हिसा लागतो का? नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, असे आम्ही म्हणालो. मग तिला सांगितले, की बाबासाहेबांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांना नाव दिले 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकारूपाने छापल्या. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याचा परवाना. तो शब्द त्यांनी स्वतःच्याच देशातल्या जगण्याला लावला. त्यात पहिलीच हकिकत प्रवासाची. १९०१ साल. लहानगे बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि भाचे उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे निघाले. तिकिटे होती, कपडे नीटनेटके होते, मसूर स्टेशनात उतरले. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा फिरला. बैलगाडीवाले नेईनात. दुप्पट भाडे देऊ केले, गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले, तेव्हा कुठे एक तयार झाला. त्या मुलांचा कोणताही शब्द चुकला नव्हता.

मुलगी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते पण सुट्टीवरच निघाले होते." फळ्यावरच्या कोपऱ्यातल्या शब्दाकडे आम्हा सगळ्यांचे एकदमच लक्ष गेले.

गेल्या रविवारी बर्थ ओळखायचा धडा घेतला. ह्याला इंग्रजी लागतच नाही, आठाचा पाढा लागतो. स्लीपरच्या डब्यात आठ-आठ बर्थचा एक खण. पहिला आणि चौथा खालचा, दुसरा आणि पाचवा मधला, तिसरा आणि सहावा वरचा, सातवा बाजूचा खालचा, आठवा बाजूचा वरचा. आपल्या नंबरातून आठाच्या पाढ्यातला जवळचा आकडा वजा करायचा, उरेल ते आपले. पाढा बायकांना तोंडपाठ. भाजी विकणाऱ्यांना तर हिशेब शिकवावा लागत नाही. आम्ही नंबर फेकत गेलो, उत्तरे धडाधड येत गेली. बारा? चार उरले, खालचा. एकोणीस? तीन, वरचा. चाळीस? काहीच उरत नाही, म्हणजे आठवा, बाजूचा वरचा. ज्या आजींनी पहिल्या दिवशी आम्हाला घाम फोडला होता, त्यांना सही करता येत नाही, पण त्या सर्वांच्या आधी बोलत होत्या.

आमची आईही भाजीच विकायची. तिचे पाढे तिसाच्या पुढे होते.

आमच्या तोंडून पुढचा नंबर एकतीस निघाला. मुद्दाम नाही निघाला. आजींनी लगेच सांगितले, "आठ त्रिक चोवीस, सात उरले. बाजूचा खालचा."

त्या प्रवासातल्या शेजारच्या मावशी आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बत्तीस माझा होता, भाऊ. मी वर निजले होते. तो गडी खाली घोरत होता आन् तुमची आई कुठं बसली ते मला सकाळपतोर कळलं नाय."

आम्ही खडू खाली ठेवला. कोणीतरी मावशींना पाण्याचा तांब्या दिला. मग आजींनीच वर्ग पुढे नेला. "भाऊ, बसू नका. सत्तेचाळीस घ्या."

आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. त्या दिवशी सकाळी खिडकीवर कोण-कोण उभे राहायचे, त्याची यादी त्या अकरावीतल्या मुलीकडे आहे. मावशींसाठी खालचा बर्थ मागायचा आहे. त्यांचा डबा आमचाच.