माफी कुणाची मागतोस?

सदर, नागपूर

चि. बाबू यास,


तुझं पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस आणि सगळीकडे एकच प्रश्न: इतक्यांदा पश्चात्ताप करूनही राग सुटत नाही, तर माझं तारण झालं तरी आहे का? खरं सांगू? हा प्रश्न मला जरा सोयीचा वाटला. त्यात तू आहेस, देव आहे. सूनबाई कुठेच नाही.

मे महिन्यात मी तुमच्याकडे होते तेव्हा कूलरच्या टाकीत पाणी भरायचं राहिलं म्हणून तू जे बोललास, ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. मला जास्त लागलं ते दुसऱ्या दिवसाचं. फाटकाशी तुझी गाडी थांबली आणि पोरीने कुणी न सांगता टीव्हीचा आवाज कमी केला, रंगपेटी उचलून आत नेली. सूनबाई वरणाला फोडणी देत होती, तिचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. त्या दिवशी तू तर हसतच आत आलास! तुझा राग दहा मिनिटांत उतरतो असं तू लिहितोस. त्यांना तो दिवसभर पुरतो.

रविवारी उपासनेत आपण पापांगीकार एका सुरात म्हणतो. त्यात कुणाचं काय ते शेजारच्या बाकालाही कळत नाही. इथे सदरमध्येच एसएफएस कॅथेड्रलला कॅथलिक माणूस फादरपुढे गुडघे टेकून आपलं पाप नाव घेऊन सांगतो. आपल्या प्रॉटेस्टंट लोकांनी ती रीत का सोडली ते मला कळतं, पण माणसाच्या तोंडावर सांगताना वाटणारी लाजही तिच्यासोबत गेली. आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा म्हणणारा याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय प्रार्थनासभेत वाचतो आणि पुढे सरकतो आपण. तू डोळे पुसून चर्चबाहेर येतोस, हलकं वाटतं, आणि त्या हलकेपणावर तुझा पुढचा आठवडा निघतो बाप्पा.

कवी रेव्हरंड टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही गोष्ट आम्ही संडे स्कूलमध्ये ऐकायचो. मोठेपणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली तेव्हा कळलं, त्या पाण्याने टिळकांचा संताप काही विझला नव्हता. मला त्या पुस्तकात लक्ष्मीबाईंचंच बळ मोठं वाटतं. एवढा थोर कवी, पण त्याचा शीघ्रकोप घरच्या माणसाने कसा सोसला ते त्यांनी लिहून ठेवलं, माया तसूभर कमी न करता. तुझ्या घरातली हकीकत सूनबाईजवळ आहे. ती तू एकदाही विचारली नाहीस.

‘नको तेच मी करतो’ म्हणणारा रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय तुला पाठ आहे, दर वेळी तोच ऐकवतोस. पौल तिथे मुक्काम ठोकून बसला नाही, आत्म्याने जगण्याचा आठवा लिहिला त्याने.

तेव्हा एक कर. एखाद्या संध्याकाळी, पोर झोपली की, मी रागावतो तेव्हा तुला काय होतं, असं सूनबाईला विचार. मग तोंड बंद ठेव. माफ कर म्हणून गळ घालू नकोस. प्रभूने क्षमा केली, तूही कर, हे तर मुळीच नको. काही दिवस माहेरी जाते म्हणाली तरी अडवू नकोस. समोर बसून ऐकणं अवघड वाटत असेल तर आठव, आपल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 29 नोव्हेंबर 1970 ला सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या, त्याची बोलणी 1929 पासून चालली होती. बाप्तिस्मा बाळपणी की जाणतेपणी, एवढ्यावरच किती घासाघीस! पण माणसं समोरासमोर बसली. तुला एक संध्याकाळ जड होते?

मग पाळकसाहेबांना भेट. ‘माझा स्वभाव तापट आहे’ असलं मोघम नको. कूलर सांग, तोंडातून गेलेले शब्द सांग, पोरगी तेव्हा कुठे उभी होती ते सांग. आणि दर शनिवारी मला फोन करून विचारा, अशी त्यांना विनंती कर. लगेच सुटणार नाही. पुन्हा ओरडशील, तेव्हा रविवारची वाट न बघता त्याच रात्री तिच्याजवळ आणि पोरीजवळ कबूल हो.

हे पत्र वाचून झालं की सूनबाईच्या हाती दे. मी काय लिहिलंय ते तिला ठाऊक नाही. कुठे चुकलं असेल तर तिने खोडावं, आणि राहिलं असेल ते खाली लिहून मला परत पाठवावं.

तुझी,
आत्या