'ओ' नसलेला 'ओ'

आमच्याकडे अकोला-अमरावतीत रिश्ता ठरवताना खानदान विचारतात, रक्तगट क्वचितच. कार्डावर 'ओ' लिहिलं की विषय संपला. पण हा 'ओ' कधीकधी फसवा निघतो.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, ज्याच्या पेशींवर 'ए' नाही, 'बी' नाही आणि 'ओ' गटात असतो तो 'एच' पदार्थही नाही. तोच बॉम्बे रक्तगट. त्यामागचं जनुक, 'एफयूटी-१', अमेरिकेत १९९० मध्ये हाती लागलं. एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांत त्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं!

आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच हा गट होतो. म्हणून चुलत-मावस नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत तो जास्त. (मामाची मुलगी करणारेही त्यात आलेच; नाव एकट्या मुसलमानांचं नको.)

अशा माणसाला साधं 'ओ' रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. बॉम्बे गटाचंच लागतं. पेशींसोबत सीरमही 'ओ' पेशींशी जुळवून पाहिलं, तर गुठळ्या होतात आणि फरक उघडा पडतो. घरात एक जण सापडला, की सख्ख्या भावंडांचंही रक्त तपासून घ्या. प्रत्येकाला चारात एक शक्यता असते.