उदजन आणि लोटाभर पाणी

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचे सर रजेवर गेले की शिरूर अनंतपाळच्या आमच्या शाळेत त्यांचा तास माझ्याकडे येतो. परवा नववीच्या वर्गात असंच झालं. मुलांनी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांविषयी ऐकलं होतं. म्हणाली, "सर, ते सांगा."

मी आपला भाषेपासून सुरुवात केली. जुन्या मराठीत हायड्रोजनला 'उदजन' म्हणत. उद म्हणजे पाणी. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ग्रीक शब्दांतून घडवलेल्या मूळ नावाचा अर्थही तोच, पाणी जन्माला घालणारा. हायड्रोजन जळला की धूर होत नाही, पाणी तयार होतं. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवलेल्या केपीआयटी आणि सीएसआयआरच्या बसमधूनही फक्त पाणीच बाहेर पडतं.

मग बॅटरी, दोन पेन्सिली आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी घेतलं. एका टोकाला जास्त बुडबुडे, तो हायड्रोजन. मुलं खूश झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पाणी फोडून गाडी चालवायची, तर पाणी कुठून आणायचं?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला 'जलदूत' रेल्वे आली होती. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात अम्मी एका लोट्यात वुजू करायची आणि खाली घमेल्यात पडलेलं पाणी लिंबाच्या रोपाला घालायची.

फळ्यावर हिशेब मांडला. १ किलो हायड्रोजनसाठी निदान ९ लिटर पाणी. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या हरित हायड्रोजन मिशनचं उद्दिष्ट आहे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. म्हणजे ४,५०० कोटी लिटर. वर्ग गप्प झाला.

पण हिशेब तिथेच सोडणं बरोबर नव्हतं. उसाच्या एका हेक्टरला सुमारे २ कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे हे सगळं पाणी साधारण सव्वादोन हजार हेक्टर उसाचं. शुद्धीकरण आणि थंड करण्याचं पाणी धरून तिप्पट केलं, तरी सात हजार हेक्टरांच्या आतच. आपल्या जिल्ह्यात ऊस याहून कितीतरी जास्त आहे.

हायड्रोजनची खरी अडचण विजेची आहे. एका किलोला ५० युनिटांहून जास्त वीज लागते, आणि ती कोळशाची असेल तर धूर फक्त दुसरीकडे निघतो. आजचा बहुतेक हायड्रोजन तर नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतो. आपल्या युरियाच्या पोत्यामागेही तोच आहे. सूर्याच्या विजेवर तो बनू लागला, तर आधी खतात आणि रिफायनरीत वापरावा. गाड्यांचं नंतर बघू. आणि कारखाना कुठे उभा राहतो, तिथे आधी कोणाला पाणी मिळतं, हे त्या मुलीसारखं विचारत राहावं.

संध्याकाळी घरी आलो. आमचाही दीड एकर ऊस आहे, शेत भाऊ बघतो. त्याचा हिशेब केला तर १ कोटी २० लाख लिटर. जलदूतच्या पहिल्या फेरीसारख्या २४ फेऱ्या. भावाला म्हणालो, "यंदा ठिबक करू या."

तो म्हणाला, "पैसे?"

अम्मी वुजूला बसली होती. लोटा आजही तोच आहे. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "अर्धे मी देते."